हरलेल्याचा पेढा

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत निवडणूक झाली की पहिला पेढा हरलेल्याला मिळतो, तोही तळमजल्यावरच्या बाईंच्या हातून. बाई मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका. कुणाची भीड ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. मतमोजणीला कुणाला बसवायचं ते तिघं ठरवायचे: अध्यक्ष, त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला आणि बाई. आमचे हे दर वेळी अध्यक्ष व्हायचे आणि हरलेला माणूस, तोंड वाकडं करून का होईना, बाईंनी दिलेला पेढा खायचा.

मग दिल्लीत कायदा झाला. देशाचे निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या तिघांत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्यासोबत आता सरन्यायाधीश नसणार, पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री असणार. सकाळच्या चहाला पेपर वाचता वाचता यांना साक्षात्कारच झाला.

"बरोबरच आहे. ज्यानं कारभार करायचा त्यानं माणूस निवडू नये की काय?"

"दोघं एका बाजूचे आणि तिसरा एकटा," मी म्हटलं. "मग त्या बिचाऱ्याला बोलवायचं कशाला, चहा प्यायला?"

"तुला राजकारण कळत नाही."

यांना उत्तर सुचलं नाही की मला काही ना काही कळेनासं होतं.

पुढच्याच सर्वसाधारण सभेत यांनी ठराव मांडला. बाईंचं वय झालं, त्यांना उगाच त्रास नको, त्यांच्या जागी खजिनदार बसतील. खजिनदार म्हणजे सकाळी फिरायला जातानाचे यांचे जोडीदार. भराभर हात वर झाले. बाई पुढेच बसल्या होत्या. "त्रास होतो असं मी कधी म्हटलं रे?" एवढंच विचारून त्या उठून गेल्या. मला यांचा इतका राग आला की त्या दिवशी आमटीत मी मीठच घातलं नाही. यांनी मुकाट्यानं खाल्ली.

निवडणूक झाली आणि हे जिंकले. अगदी खरेखुरे जिंकले. बंद पडलेली लिफ्ट यांनीच मागे लागून सुरू करून घेतली होती. मी रागावले होते तरी माझंही मत यांनाच होतं. पेढ्यांचा बॉक्स घेऊन हे हरलेल्या शेजाऱ्याच्या दारात उभे राहिले, मी मागे.

शेजारी हसला. "मोजणारा तुम्हीच बसवलात, आता पेढाही तुम्हीच खा, साहेब."

जिन्यात कुणीतरी खुदकन हसलं. यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मी खरंच जिंकलोय," हे मला सांगायला लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तसेच आम्ही तळमजल्यावर गेलो. बाईंनी दार उघडलं.

"बाई, तुम्ही तरी सांगा त्याला. तुमचं सगळे ऐकतात."

बाईंनी पेढा घेतला, सावकाश खाल्ला, बोटं रुमालाला पुसली.

"जिंकला असशील रे. पण मी कसं सांगू? मी होते कुठे तिथे?"