बांधावरचा लोखंडी पाईप

तोंडापेक्षा लोखंडावर जास्त भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आमचे मामा. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. झरीच्या शेतात त्यांची विहीर एका टोकाला, राहतं घर दुसऱ्या टोकाला आणि मधे बांधावरून गेलेला लोखंडी पाईप. मामांनी विहिरीवरून पान्यानं पाईपला ठोका दिला की घरापाशी आत्या चहा टाकी आणि उलथन्यानं उलटा ठोका देई. दोघांची भांडणंसुद्धा पाईपवरच होत, त्यामुळे आत्याचं उलथनं कायम वाकडं. मी मोबाईल घेऊन गेलो तर म्हणाले, "ह्यात आवाज कशावरून चालायलाय ते दाव आधी."

आवाजाला चालायला काहीतरी लागतं, हवा, पाणी नाहीतर लोखंड, एवढी एकच गोष्ट त्यांनी शाळेतून आणली आणि जन्मभर जपली. वरातीत नवरदेवाला अडवून सांगत, "मधली हवा काढली ना, तर हे समदे येड्यावानी नुसतेच नाचताना दिसतील." एकदा त्यांना सिनेमाला नेलं. पडद्यावर अंतराळात यान फुटलं, मोठा धडाका झाला आणि मामा उभे राहून ओरडले, "तिथं हवाच न्हाई, आवाज आला कुटून?" आम्हाला मध्यंतराआधीच बाहेर पडावं लागलं.

मग आत्या गेली. मुलानं प्लास्टिकचा पाईप टाकला आणि गंजलेला लोखंडी भंगारात देतो म्हणाला. मामा त्या पाईपवर जाऊन बसले, जेवायलाही उठेनात. "पाणी जाऊ दे तुज्या प्लास्टिकातून. ह्याला हात लावू नको." शेवटी मुलगा हरला. आता लोखंडी पाईप कोरडाच पडून असतो.

परवा मी गेलो तेव्हा मामा विहिरीवर होते. घरी टेकतो न टेकतो तोच पाईप ठणकन वाजला. मी आलोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी चुलीमागं खोचलेलं वाकडं उलथनं काढलं आणि उलटा ठोका दिला. बराच वेळ काहीच आलं नाही. मग बांधावरून मामा जवळजवळ पळतच आले आणि मला पाहून दारात थांबले.

"तू व्हय," म्हणाले. "लय जोरात मारलास. ती हळू मारायची."

मी चहा टाकला. त्यांनी बशीत ओतून संपवला आणि पाना घेऊन पुन्हा उठले.

"हिरीवर जाऊन येतो. ठोका दिला की वाजव," म्हणाले. थोडं पुढं जाऊन मागं वळले. "हळू वाजव."