आक्काचा चोवीस तासांचा फोटो

माझ्या आक्काच्या हातातल्या बांगड्या मी उतरवल्या. एका स्क्रीनशॉटनं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर वरचं पहिलं वाक्य लिहून खोडत होते.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. गडमुडशिंगीत आमच्या मागच्या गल्लीत राहायची, कोल्हापुरात एका मेसमध्ये चपात्या लाटायची. तिचे यजमान वारून अकरा वर्षं झाली होती.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. रिझल्ट लागला तेव्हा मेसमधल्या पोरांना पेढे तिनं वाटले. "माझ्या भाचीनं डिग्री घेतलीया. खावा."

तिला स्टेटस ठेवायला मीच शिकवलं. ते ठरावीक माणसांनाच कसं दिसेल, ते सेटिंगही मीच करून दिलं.

तिनं पाच नावं सांगितली. मी, माझी आई, मलकापूरची धाकटी आत्या, मेसमधल्या दोघी.

"आणि दादा?" मी विचारलं. दादा म्हणजे तिचा मुलगा.

"त्याला रोज दिसतीया की मी. स्टेटसला आणि कशाला?"

श्रावणात मेसजवळ कासारीण आली. मेसमधल्या त्या दोघींनी आक्काला हाताला धरून बसवलं. "बसा की आक्का, कोण बघतंय हितं!"

अकरा वर्षांनी तिनं हिरव्या बांगड्या भरल्या.

दुपारी तिचं स्टेटस आलं. पीठ लागलेले दोन्ही हात पुढं धरलेले, मागं तिचा चेहरा. दात दिसतील एवढं हसू. खाली एक अक्षर नाही.

मला रडू आलं.

मग मी स्क्रीनशॉट काढला.

माझ्या स्टेटसला ठेवला, इन्स्टाच्या स्टोरीला ठेवला. वर लिहिलं, "विधवेनं बांगड्या घालू नयेत म्हणणाऱ्यांना माझ्या आत्याचं उत्तर!"

आक्का कुणालाच उत्तर देत नव्हती. तिनं फक्त बांगड्या घातल्या होत्या.

हार्टवर हार्ट आले. कॉलेजच्या एका मॅडमनी लिहिलं, "प्राऊड ऑफ यू, स्नेहल." फोटो आक्काचा आणि प्राऊड माझ्याबद्दल. तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही.

मैत्रिणींनी तो पुढं ठेवला. त्यांच्या मैत्रिणींनी आणखी पुढं. संध्याकाळपर्यंत तो मुरगूडला पोचला. दादाच्या सासरी.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. वहिनीनं ती नंतर सांगितली.

पुढच्या रविवारी वहिनीचं डोहाळेजेवण होतं. आमच्याकडं ओटी सवाष्णीच भरतात. पण सासूला आत्या म्हणणाऱ्या वहिनीनं आक्काला गुपचूप सांगून ठेवलं होतं, "आत्या, पयली ओटी तुमीच भरायची. मी पाटावर बसले की सरळ पुढं या. आमच्या आईला मी बघते."

सासूसुनेनं मिळून ही रीत मोडायचं ठरवलं होतं. घोषणा नाही, भांडण नाही. नुसतं उठून पुढं यायचं.

त्या संध्याकाळी मुरगूडहून वहिनीच्या आईचा आक्काला फोन आला. "विहीणबाई, तुमच्या हौसंला आमी न्हाय म्हणत न्हाय वो. पण आमच्या पोरीच्या ओटीला हात लावायचा न्हाय."

दादा आमच्या दारात येऊन ओरडला, "तुझ्या लाइकपायी माझ्या आईला गावभर फिरवलीस!"

मी म्हणाले, "तू मागासलेला आहेस."

खरंच म्हणाले. त्याच शब्दांत.

मग आक्काकडं गेले. बांगड्या उतरवून तिनं रुमालात गुंडाळल्या होत्या. फोडल्या नव्हत्या.

"आक्का, चोवीस तासांनी जातंय गं ते."

"मला ठावं हाय की. म्हणून तर ठिवलंतं. आज हाय, उद्या न्हाय. धरून तू ठिवलंस."

"काढून टाकू?"

"आता काढून काय व्हतंय? चा पिऊन जा."

रविवारी बाहेर ओटी भरली जात होती आणि आक्का आत भात उपसत होती. वहिनी पाटावर बसून सारखी आतल्या दाराकडं बघत होती. मुरगूडची माणसं समोर होती. स्टेटसवर एवढं लिहिणारी मी तिथं एक शब्द बोलले नाही.

आक्का माझ्यावर कधी रागावली नाही. पण स्टेटस तिनं परत ठेवलं नाही. नात झाली तेव्हासुद्धा नाही.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी ती झोपेतच गेली.

परवा दादाचा फोन आला.

"स्नेहल, त्यो फोटो हाय का तुझ्याकडं? बांगड्यांचा."

"कशाला?"

"वर्षश्राद्धाला स्टेटस ठेवायचंय. आईचा हसतानाचा फोटोच न्हाय गं आमच्यात."

माझ्या तोंडावर खूप काही आलं होतं. गिळलं. म्हणाले, "पाठवत नाही दादा. ये, बघ."

तो आला. पायरीवर बसला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी बांगड्या बघितल्या, मग चेहरा.

"हे कुणाकुणाला दाखवलंतं तिनं?"

"पाच जणांना."

"मी न्हवतो त्यात."

"नाही."

 त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे. न्हाय ठेवत. पर खोडू नगोस."

आज त्याच्या स्टेटसला तिचा जुना, ओठ मिटलेला फोटो आहे. फुलांच्या फ्रेममधला. तुमच्यापैकी काहींनी तो बघितला असेल.

हे लिहितानाही मी आक्काला विचारलेलं नाही. विचारता येत नाही. म्हणून काल दादाला आणि वहिनीला वाचून दाखवलं. दादा उठून गोठ्यात गेला. थोड्या वेळानं आतूनच म्हणाला, "टाक." वहिनी म्हणाली, "आत्यांचं नाव नको. फोटो तर नकोच."

म्हणून नाव नाही. फोटो नाही.

ही पोस्ट पुढं पाठवू नका. स्क्रीनशॉट काढू नका. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आज वाचा. उद्या याच वेळेला मी ती काढून टाकणार आहे.

आक्का, या वेळी तुझ्यासारखंच करते. आज हाय, उद्या न्हाय.

नमस्कार करते गं.