पान सातवरचं सलून

बँडमध्ये तिला सगळे खर्ज म्हणत. ती बेस गिटार वाजवायची आणि बोलायचीही तशीच, खालच्या पट्टीत, कामापुरतं. चौघांच्या त्या बँडचं नाव 'गळका नळ'. पहिली तालीम ज्या तळघरात झाली तिथला नळ कुणालाच नीट बंद करता आला नव्हता, एवढाच त्या नावाचा इतिहास. सहा वर्षं छोट्या क्लबांमधून चाळीस-पन्नास माणसांपुढे वाजवणं चालू होतं, आणि त्यातले निम्मे आपापसांत गप्पा मारायला आलेले असत. दिवसा खर्ज चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बँडची गाणी लिहायची तीच.

त्या शुक्रवारी सकाळी सातला ड्रमरचा फोन आला. ड्रमर म्हणजे शाळेतला पीटीचा मास्तर. फोनवरही तो मैदानात उभा असल्यासारखा ओरडायचा.

"आलंय! पान सात, अर्धं पान! तो समीक्षक पार वेडा झालाय आपल्यावर!"

तिने मोबाईलवर पान उघडलं. पहिल्या चार ओळी वाचताना आनंदाने तिचे कान तापले. पाचव्या ओळीला ती ताडकन उठून बसली.

पाचवी ओळ 'थांब जरा' या गाण्याबद्दल होती. गाण्यातल्या न्हाव्याचा हात कापू लागलाय. तो गिऱ्हाइकाची हनुवटी धरून थरथर ओसरेपर्यंत थांबतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, किती मन लावून काम करतो हा. "हा न्हावी कल्पनेतला नाही," समीक्षकाने लिहिलं होतं. "ते गीतकाराचे वडील. पोस्टासमोर त्यांचं तीन खुर्च्यांचं सलून आहे."

सांगितलं होतं तिनेच. कार्यक्रमानंतर तो जिन्यात भेटला, या गाण्याने डोळ्यांत पाणी आलं म्हणाला, आणि एवढ्या कौतुकाची सवय नसलेली आमची खर्ज भडाभडा बोलून बसली. तिची ती खालची पट्टी नेमकी तेव्हा कुठे गेली होती, देव जाणे.

घर वर, सलून खाली. पेपर सलूनमध्ये यायचा, गिऱ्हाइकांसाठी. बाबा तो दुपारी दुकान रिकामं असताना वाचायचे. पण बाबांचं नंतर बघता आलं असतं. बाकावर बसून दिवसभरात वीस जणांनी तो वाचला, तर उद्यापासून वस्तऱ्याखाली मान कोण देणार? ती अनवाणीच जिना उतरली.

शटर वर गेलेलं होतं. बाबा ब्रश धूत होते. आणि बाकावर पाय पसरून, पेपर उघडून, निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. वीस वर्षं त्यांची दाढी बाबांकडे होती.

"काका, पेपर देता जरा? एक जाहिरात बघायचीय."

"थांब की बाळ. खेळाचं पान चाललंय."

पोस्टमास्तर पेपर मागून पुढे वाचत, ही त्यांची जुनी खोड. खेळ पान दहावर. ती बाकाच्या टोकाला टेकली. पान उलटल्याचा आवाज झाला तशी तिने मान लांब करून पाहिलं. आठवर शब्दकोडं होतं. त्यावर ते रेंगाळले तेव्हा तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"आडवं चार काय येईल गं?"

"नाही येत मला, काका. पण सोडवाच तुम्ही. पेन आणू?"

"छे, उद्या उत्तर येतंच की," म्हणत त्यांनी पान उलटलं.

बाबांचा हात कापतो हे घरात कधी कुणी बोललं नव्हतं. बाबांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. आरशातून ते हनुवटी धरून थांबलेले दिसायचे, तेवढंच. अलीकडे त्यांनी स्वतःची दाढी वाढवली होती. गिटारवाल्याने "काका, आता बँडमध्येच या" म्हणून चेष्टा केली तेव्हा तेही हसले होते. जे बापाला विचारायची हिंमत झाली नाही, ते तिने गाण्यात लिहून माईकवरून लोकांना ऐकवलं होतं, आणि आता तिला स्वतःची शरम वाटत होती.

पोस्टमास्तरांनी सातवं पान ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं. पेपराची नीट घडी घातली आणि खुर्चीत जाऊन बसले. बाबांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबणाचा ब्रश उचलला.

"आज दाढी नको," पोस्टमास्तर स्वतःच्या गुडघ्यांना सांगत असल्यासारखे म्हणाले. "आज नुसती कटिंग करा."

कटिंग! त्यांच्या डोक्यावर जे काही उरलं होतं ते दोन कानांच्या मागे, चिमूटभर. बाबांचा हात ब्रशसकट थांबला. त्यांनी आरशातून आधी पोस्टमास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बाकावरच्या पेपराकडे. ब्रश खाली ठेवून त्यांनी मशीन उचललं आणि ते नसलेले केस पाच मिनिटं मनापासून कापले. खर्जला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरीने नाव काढलं हो," जाताना पोस्टमास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे आणखी वाईट.

बाबांनी चष्मा लावून सातवं पान वाचलं. पेपर थरथरत होता. आज त्यांनी हाताची थरथर लपवायचा प्रयत्न केला नाही.

"मला विचारायचं होतंस."

"चुकलं, बाबा."

"आणि चुकीचं लिहिलंयस. म्हणे थांबलं की थरथर ओसरते. तेव्हा ओसरायची. आता नाही ओसरत." त्यांनी गालावरून हात फिरवला. "ही मी काय हौसेने वाढवलीय? स्वतःच्या गालाला वस्तरा लावायची भीती वाटते मला, आणि लोकांच्या लावत होतो."

खिशात फोन वाजू लागला, पुन्हा ड्रमर. तिने उचलला नाही.

"मी पेपरवाल्यांना सांगते, ते छापतील, की असं काही नाहीच..."

"खोटं छापायला सांगणार?" बाबांनी ड्रॉवरमधून मार्कर काढला, टॉवेलांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. "एवढं लिहितेस ना? मग हेही लिही. 'दाढी बंद आहे. फक्त कटिंग.'"

तिने लिहिलं. अक्षरं आपोआपच बारीक आली, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येऊ नये अशी. बाबांनी ते लांब धरून पाहिलं आणि पुठ्ठा उलटा करून कोरी बाजू तिच्यापुढे सरकवली.

"मोठं लिही. लोकांना माझ्या दारावर वाचू दे. पेपरात वाचून आल्यावर त्यांना कटिंगचं नाटक करावं लागतं."