पहिलं दळण घरचं

“तू नको माय परातीला हात लावू. पाहुण्यांच्या दातात कच यायची!”

शेजारच्या आजी म्हणाल्या आणि चुलीभोवतीच्या सगळ्या बायका हसल्या. माझी आजीही हसली. पिठाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला आणि कांदे सोलायला बसली. चुलतभावाच्या साखरपुड्यासाठी आम्ही नांदेडहून मुरुडजवळच्या आमच्या गावी आलो होतो.

“चक्कीवाल्याची बायको, अन् ज्वारी निवडायचा कंटाळा,” शेजारच्या आजी नव्या सुनांना सांगू लागल्या. “खुरपायला गेलो की भाकरी वाटून खायचो आम्ही. हिची आली की समद्या थू थू करायच्या.”

मी कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होते. गावात मी कमीच बोलते. तोंड उघडलं की कुणीतरी ‘मॅडम’ म्हणतं. पण त्या भाकरीचं कारण मला ठाऊक होतं.

आजोबांनीच सांगितलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे राहिले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी. आईच्या हातची मऊ भाकरी चावत म्हणाले, “हिच्यात कच न्हाई. चव लागंना.” आणि स्वतःच हसले.

गावातली पहिली चक्की त्यांची. त्याआधी बायका जात्यावर दळायच्या, नाहीतर डोक्यावर दळण घेऊन मुरुड गाठायच्या. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा निम्मं गाव नुसतं बघायला जमलं होतं. पण चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीनं टाकी लावावी लागते, आणि त्यानंतरच्या पहिल्या पिठात दगडाची बारीक कच उतरते. आजोबांना हे आधी माहीत नव्हतं. पहिल्याच खेपेला दोन घरं पुन्हा जात्याकडे वळली. तेव्हापासून ठरलं, टाकी लावली की पहिलं दळण आपल्या घरचं. टाकून द्यावी एवढी ज्वारी नव्हती. आणि गावात सांगावं तर गिऱ्हाईक बिचकणार. म्हणून आजीनं ती भाकरी खाल्ली, आणि बोलणीही.

“तिला लई बोलले लोक,” आजोबा म्हणाले होते. “मी एकदाबी मधी पडलो न्हाई.” मग बराच वेळ ते ताटातली भाकरी नुसतीच कुस्करत राहिले.

आता आजोबा नाहीत. चक्की काका चालवतात.

एका नव्या सुनेनं आजीला विचारलं, “खरंच का हो, निवडत नव्हता तुम्ही?” आजी कांद्यावरून मान वर न करता म्हणाली, “असंल बाई.”

मी हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

“आजी ज्वारी निवडायची,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. “कच चक्कीच्या दगडाची होती. ती तुमच्या भाकरीत येऊ नये म्हणून टाकीनंतरचं पहिलं पीठ आमच्या घरात खायचे. ती परात द्या तिला.”