सुनंदाची गाडी कुठे आहे

हे मी घरात कुणाला बोललेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

परळला एका टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी सुपरवायझर आहे. आमच्या गाड्या एकमेकींना आणि आम्हाला सतत कळवत असतात — वेग किती, जागा कुठली, ब्रेक कधी दाबला. पण पडद्यावर ड्रायव्हरचं नाव येत नाही, रोज बदलणारा नंबर येतो. कोण कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून. नंबरामागचं नाव उघडायचा पासवर्ड दोघांकडेच. तोही फक्त अपघात झाला तर वापरायचा. त्या दोघांतली एक मी.

सुनंदा आमची ड्रायव्हर. नवऱ्याच्या माराला कंटाळून अँटॉप हिलचं घर सोडलेलं, कुठे राहते ते कुणालाच माहीत नव्हतं. नवरा दिलीप — लालबागला आमच्याच चाळीत, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. एका दुपारी तो ऑफिसखाली आला.

"ताई, आई सीरियस आहे गं. सुनंदाचं नाव घेतेय. कुठंय तेवढंच सांग ना."

मला खरं वाटलं? नाही. त्याची आई दोनच दिवसांपूर्वी मला बाजारात भेटली होती, वांगी निवडत. मग का सांगितलं? नवरा-बायकोचं भांडण, मिटेल — असं म्हटलं मनात. आणि, हेही सांगते, कुणीतरी आपल्याकडे मागायला आलं याचं बरं वाटलं. वर गेले, नाव उघडलं, खाली येऊन सांगितलं. शीव कोळीवाडा. जेवायला थांबलेली दिसतेय.

मग पडद्याकडे बघत बसले. तासभर तो नंबर हललाच नाही. फोन केला, उचलला नाही. तेव्हा मीच अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली.

त्याने रॉडने तिचा उजवा हात मोडला होता. बोटं अजून मिटत नाहीत. गाडी चालवणं सुटलं ते सुटलंच.

चौकशीत नाव उघडल्याची नोंद निघाली. मी म्हटलं, गाडी हलेना म्हणून उघडलं. वेळ कुणी ताडून पाहिली नाही. पोलिसांनी पकडल्यावर दिलीपनेही माझं नाव घेतलं नाही.

हॉस्पिटलात सुनंदाने डाव्या हाताने माझा हात धरला. "ताई, तुमचं लक्ष होतं म्हणून वाचले. पण त्याला कळलं कसं हो? मी बहिणीलापण नव्हतं सांगितलं."

"तूच बोलली असशील कुठेतरी," मी म्हटलं. "आठव."

ती डोळे मिटून खरंच आठवत राहिली. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, अजून आठवतेय.