रफीकला न दिसणारा तारा

भूतखेत, करणी, नजर लागणं... यातलं काहीही मी मानत नाही. चिखलीत माझं मेडिकल आहे, बीएस्सी झालोय, आणि हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण डॉक्टरांना विचारून झालं, घरी बोलून झालं — आता तुम्हीच उरलात.

रफीक माझा कॉलेजपासूनचा मित्र. धाड गावात त्याचं कापडाचं दुकान आहे. आम्हा दोघांना आकाशाचा नाद. काही ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होत असतं. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचा अंदाज घ्यायचा आणि हौशी निरीक्षकांच्या एका जागतिक डेटाबेसला पाठवायचा, हा आमचा छंद. नियम एकच — जे दिसलं तेच पाठवायचं, दिसायला हवं होतं ते नाही. पाठवेपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचाही नाही.

मागच्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी, दिवेलागण झाल्यावर, आम्ही त्याच्या दुकानाच्या गच्चीवर होतो. मृग नक्षत्रातला तांबूस तारा, काक्षी, बघायचा होता. मी आकडा पाठवून मोकळा झालो. रफीक मात्र दुर्बीण खालीवर करत राहिला.

"सुधीर, कुठी गेला बे तो?"

"कोण?"

"काक्षी. दिसून नाही राह्यला मले."

मला वाटलं, मस्करी करतोय. पण त्याचा चेहरा... मी दुर्बीण नेमकी ताऱ्यावर धरून दिली. आजूबाजूचे बारीक तारे तो बरोबर ओळखत होता. तेवढ्या जागी मात्र, म्हणे, काहीच नाही.

त्याने तसंच पाठवलं — आकाश स्वच्छ, तारा दिसला नाही. लगेच तिकडून सभ्य मेल आला, की बाकी सगळीकडे तो नेहमीसारखाच दिसतोय, टायपिंगची चूक असेल तर नोंद काढून टाका.

"काढून टाक ना," मी म्हणालो. "उगाच नाव खराब होईल तुझं."

"मले दिसलाच नाही, तर दिसला असं काऊन लिहू?"

त्याने नोंद काढली नाही. पुढे संशयास्पद असा शिक्का बसला तिच्यावर. रफीकने पाठवणंच सोडलं.

बुलढाण्याला डोळे तपासले — एकदम उत्तम. मी मोबाईलवर त्या भागाचा फोटो काढून दाखवला. काक्षी ठळक आला होता. रफीकने बरोबर त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथं तं काळंच हाय."

तारा आकाशात नसणं वेगळं. फोटोतला ठिपका कसा दिसत नाही?

रफीकची बायको, शबानाभाभी, हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच समजवा यायले. रोज गच्चीवर जातेत अन् गप बसून राह्यतेत."

काय समजावणार? मलाच काही समजलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी दुकान आवरत असताना त्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"सुधीर, जरा भायेर ये. व्याध दिसून राह्यला का तुले?"

व्याध म्हणजे आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. शटर अर्धवट सोडून मी रस्त्यावर आलो. समोरच लखलखत होता.

"हाव, दिसते ना," मी म्हणालो.

"इथं तं काळंच हाय," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.