कुंपणापलीकडचा गोग्रास

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे ओमानला आल्या, तेव्हा सोबत कोकमं, कुळथाचं पीठ आणि एक अडचण घेऊन आल्या. सकाळची पहिली चपाती गाईला घातल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मालवणजवळच्या आमच्या गावात दारात गाय असतेच. इथे आमचं घर म्हणजे वाळवंटातल्या ओरिक्सच्या कुंपणाला लागून असलेली स्टाफ क्वार्टर. मनासारखा किराणा आणायलासुद्धा लांबच्या सीब शहरापर्यंत गाडी हाणावी लागते. गाय आणायची कुठून?

ओरिक्स हे इथलं रानजनावर. पांढरंशुभ्र अंग, तोंडावर काळे पट्टे, लांब सरळ शिंगं. शिकारीपायी ते रानातून संपलंच होतं, म्हणून कुंपणात पैदास करून त्यांचे कळप पुन्हा मोकळ्या माळावर सोडतात. माझा नवरा तिथले पंप आणि पाण्याच्या टाक्या सांभाळतो.

एका सकाळी सासूबाई आपल्या लेकाबरोबर टाकीपर्यंत फिरायला गेल्या आणि उजळल्या चेहऱ्याने परत आल्या. शिंगं आहेत, खूर आहेत, रवंथ करते, म्हणजे गायच ती, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. त्यानंतर रोजची पहिली चपाती जाळीतून एका तरुण मादीला जाऊ लागली. हे चालत नसेल, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो टाकीची पातळी बघायला निघून गेला. आईपुढे तो त्याच्या पंपांसारखा, बटण दाबल्याशिवाय आवाज नाही.

मादी आता माणूस दिसला की कळप सोडून जाळीशी यायची. सासूबाईंना त्याचं कोण कौतुक. मग एक दिवस नवऱ्याचे साहेब आले. ते इथलेच, ओमानी, हिंदी बऱ्यापैकी बोलणारे. कळप सोडायची वेळ जवळ आली होती आणि त्यात ही मादीही जायची होती. त्यांची गाडी कुंपणाच्या आत थांबली, तशी ती धावत आली आणि तिने खिडकीतून तोंडच आत घातलं. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि समजावलं, की बाहेर चोरटे शिकारी गाड्या घेऊन फिरतात, पळणारं जनावर त्यांना सहजी सापडत नाही, हे मात्र स्वतःहून जाईल.

"अम्मा, आदमी के पास जाएगा, तो खलास," ते म्हणाले.

फाटक उघडेपर्यंत ती माणसाला बुजायला शिकली नाही, तर तिला जन्मभर कुंपणातच ठेवावं लागणार होतं. आणि बुजवायचं कोणी, तर जिच्या हातून खाल्लं तिनेच.

सासूबाई घरी आल्या त्या अंथरुणावर पडूनच राहिल्या. जेवल्याही नाहीत. दारातली गाय हाकलणं आपल्याला जमायचं नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. केलेलं निस्तरायला नको, म्हणून मला त्यांचा राग येत होता. तरी त्यांना उठा म्हणवतही नव्हतं, कारण गाय दारातून उपाशी पाठवू नये, हे मीही त्याच गावात शिकले होते.

सकाळी पाहते तर त्या ताट आणि लाटणं घेऊन दाराशी उभ्या. चपाती केलीच नव्हती. आम्ही जाळीशी गेलो. मादी आली, नाक पुढे केलं. सासूबाईंनी ताट बडवलं. ती दचकली, जरा मागे सरली आणि पुन्हा आली. मग सासूबाईंनी खडा मारला, तो तिच्या खांद्यावर बसला. त्या रडत होत्या आणि रडता रडता तिला शिव्या घालत होत्या, त्याही मालवणी, म्हणजे लिहिण्यासारख्या नाहीत. रोज हेच. हळूहळू ती लांब थांबू लागली, पण पळेना. नुसती बघत राहायची. ते बघणं सासूबाईंना सोसत नसे.

फाटक उघडायच्या सकाळी साहेबांनी आम्हालाही बोलावलं. कळप बाहेर पडला, ती मात्र फाटकातच रेंगाळली. साहेबांनी सासूबाईंना पुढे व्हायची खूण केली. त्या गेल्या, ताट-लाटण्याविना, नुसत्याच. जुन्या सवयीने त्यांचा हात पुढे झाला, रिकामा. मादीने कान टवकारले, ती वळली आणि अशी धावली की कळपाच्याही पुढे गेली.

सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"माका बघून पळाली गो," त्या मला म्हणाल्या. "आता जगतली."